रक्ताची हरवलेली वाट शोधणारा मालपीगी

मृग नक्षत्र लागून पहिला पाऊस पडला, की आमच्या गोव्यातील शेतमळे बेडकांच्या आवाजाने भरून जातात. आमच्या कोकणीत ज्याला बेबो म्हणतात, त्या या प्राण्याविषयी कोणाच्या मनात विशेष आदर असल्याचे आमच्या ऐकिवात नाही. संकुचित दृष्टीच्या माणसाला नाव ठेवावयाचे झाले तर आपण त्यास कूपमंडूक म्हणतो. परंतु विद्येच्या इतिहासात एक काळ असा येऊन गेला, की जे रहस्य मोठमोठ्या पंडितांस माणसाच्या देहात सापडले नाही, ते या मंडूकानेच उलगडून दाखविले. ते पाहणारा पुरुष म्हणजे इटलीतील वैद्य मार्चेलो मालपीगी. आमच्या विद्यार्थ्यांस त्याचे नाव झुरळाच्या शरीररचनेच्या पाठात भेटते आणि परीक्षा संपताच विसरले जाते. त्या नावामागे एक संकटांनी भरलेले आयुष्य आहे, हे त्यांस कळावे, एवढ्याच हेतूने आम्ही हे लहानसे चरित्र येथे सादर करीत आहोत.

मालपीगीचा जन्म १६२८ च्या मार्च महिन्यात उत्तर इटलीतील बोलोन्या शहराजवळच्या क्रेव्हालकोरे या गावी झाला. घराणे शेतीवाडी बाळगून असलेले, खाऊनपिऊन सुखी. योगायोग असा, की त्याच वर्षी इंग्लंडमधील विल्यम हार्वी या वैद्याचा, हृदय आणि रक्त यांच्या गतीसंबंधीचा लॅटिन ग्रंथ जर्मनीतील फ्रांकफुर्ट येथे प्रसिद्ध झाला. मूल जन्मास आले आणि ज्या प्रश्नाचे उत्तर त्याने पुढे शोधावयाचे होते तो प्रश्नही त्याच वर्षी जन्मास आला, असे म्हणावयास हरकत नाही.

तो प्रश्न कोणता, हे आधी पाहू. युरोपातील वैद्य सुमारे चौदाशे वर्षे गेलेन या प्राचीन आचार्याचे वचन प्रमाण मानीत आले होते. खाल्लेल्या अन्नापासून यकृतात रक्त तयार होते, ते शिरांवाटे अंगभर पसरते आणि झाडाला घातलेले पाणी जसे जमिनीत मुरून जाते, तसे ते मांसात मुरून संपते, अशी ती समजूत होती. हार्वीने एक साधा हिशेब मांडला. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर थोडेथोडके जरी रक्त बाहेर पडत असेल, तरी अर्ध्या तासात बाहेर पडणारे रक्त सगळ्या देहात मावणार नाही इतके होते. एवढे रक्त अन्नापासून क्षणोक्षणी नवे तयार होणे शक्य नाही. आजच्या मापाने सांगावयाचे तर मोठ्या माणसाचे हृदय स्वस्थ असताना मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे ढकलते, आणि त्याच्या देहात रक्त असते तेही जवळजवळ तेवढेच. तेव्हा तेच ते रक्त फिरून फिरून हृदयाकडे परत येत असले पाहिजे. ते हृदयातून रोहिणीवाटे जाते आणि नीलांवाटे परत येते.

हिशेब बिनतोड होता. परंतु साखळीतील एक कडी त्यात नव्हती. रोहिणीच्या शेवटच्या बारीक फांदीतून रक्त नीलेच्या पहिल्या बारीक फांदीत जाते कसे? दोहोंना जोडणारी वाट कोणीच पाहिली नव्हती. हार्वीने मांसात सूक्ष्म छिद्रे असावीत असा तर्क केला. नुसत्या डोळ्यांस याहून अधिक काही दिसणे शक्यही नव्हते. जुन्या मताच्या पंडितांना एवढे पुरेसे होते. जी वाट दाखविता येत नाही, तिच्या आधारावर गेलेनचे शास्त्र का सोडावे, असा त्यांचा सवाल होता. १६५७ मध्ये हार्वी मरण पावला, तेव्हाही ही कडी हरवलेलीच होती.

इकडे मालपीगी १६४६ मध्ये बोलोन्याच्या विद्यापीठात दाखल झाला होता. तीनच वर्षांनी, १६४९ मध्ये, आई, वडील आणि आजी अशी घरातील वडीलधारी माणसे थोड्याथोड्या अंतराने निवर्तली. एकवीस वर्षांच्या या ज्येष्ठ पुत्रावर धाकट्या भावंडांचा आणि शेतीवाडीचा भार येऊन पडला. पुस्तके बाजूला ठेवून त्यास गावी परतावे लागले. अशा प्रसंगी शिक्षण कायमचे सुटलेले तरुण आम्ही आपल्या अवतीभोवतीही पाहतो. मालपीगी मात्र घरची घडी बसताच पुन्हा बोलोन्यास आला. तो मूळचा शहरातला नव्हे म्हणून विद्यापीठातील काहींचा त्यास विरोध होता. तरीही १६५३ मध्ये त्याने वैद्यक आणि तत्त्वज्ञान या दोन्ही विषयांची सर्वोच्च पदवी मिळविली.

त्यास गुरू लाभला तो बार्तोलोमेओ मास्सारी. हा प्राध्यापक आपल्या घरी निवडक विद्यार्थ्यांची मंडळी जमवी आणि पोथीतील वचन घोकण्याऐवजी प्रत्यक्ष देह उघडून पाहावयास शिकवी. मालपीगीचा पुढील सगळा मार्ग या घरात ठरला. मास्सारीची बहीण फ्रांचेस्का हिच्याशी त्याचा विवाह झाला. १६५५ मध्ये मास्सारीचे निधन झाले. पुढच्याच वर्षी मालपीगीला पिसा येथील विद्यापीठात अध्यापकाची जागा मिळाली. तेथे गणिती जोव्हान्नी बोरेल्ली याच्याशी त्याचा स्नेह जडला. प्राण्याचा देह हेही एक यंत्र असून त्याच्या भागांची रचना नीट पाहिली तर त्याचे कार्य कळते, ही दृष्टी त्यास बोरेल्लीच्या सहवासात लाभली. प्रकृतीला पिसाची हवा मानवेना, म्हणून १६५९ मध्ये तो बोलोन्यास परतला.

हे वर्ष त्याच्या घराण्यास फार वाईट गेले. मालपीगी आणि स्बाराल्या या दोन घराण्यांच्या जमिनी लागून होत्या आणि त्यांच्यातील तंटा जुना होता. बांधावरून सुरू झालेले वैर कोणत्या थरास जाते हे आमच्या खेड्यांतील वाचकांना सांगावयास नको. मार्चेलोचा भाऊ बार्तोलोमेओ याच्या हातून स्बाराल्या घराण्यातील एका पुरुषाचा खून झाला. त्यास देहान्ताची शिक्षा फर्माविण्यात आली; पुढे ती माफ झाली, परंतु वैर मात्र मिटले नाही. त्याच स्बाराल्या घराण्यातील जोव्हान्नी जिरोलामो हा पुढे वैद्यकाचा प्राध्यापक झाला आणि त्याने मालपीगीचा जन्मभर पाठपुरावा केला. त्याची गोष्ट पुढे येईल.

घरात असे वादळ चालू असताना मालपीगी सूक्ष्मदर्शकाच्या भिंगातून फुप्फुसाकडे पाहत होता. फुप्फुस म्हणजे रक्ताने भरलेला मांसाचा गोळा, असे तोवर मानले जात असे. त्याने कुत्र्याचे फुप्फुस पाण्याने धुऊन काढले, फुगविले, वाळविले आणि ते मांस नसून पातळ पडद्यांच्या असंख्य पोकळ्यांचा समूह आहे हे ओळखले. परंतु रक्ताची वाट त्यास तेथे सापडेना. मोठ्या प्राण्यांची फुप्फुसे दाट आणि अपारदर्शक. भिंगाचे काय चालणार? मग त्याने बेडूक घेतला.

येथे बेडकाची आणि आपली रचना शेजारी शेजारी ठेवून पाहणे उपयुक्त होईल. माणसाच्या फुप्फुसात कोट्यवधी वायुकोश असतात. ते सगळे उलगडून पसरता आले, तर सुमारे ७० चौरस मीटर जागा व्यापतील. आपल्याला बरगड्यांचा पिंजरा आहे, त्याखाली श्वासपटल आहे. त्या दोहोंच्या हालचालीने छाती रुंदावते आणि हवा आत ओढली जाते. बेडकाला बरगड्यांचा पिंजरा नाही आणि श्वासपटलही नाही. तो घशाचा तळ खालीवर करून हवा तोंडात घेतो आणि गिळल्यासारखी फुप्फुसात ढकलतो. त्याचे फुप्फुस म्हणजे एक साधी पातळ पिशवी. आतल्या अंगाने मधाच्या पोळ्यासारख्या उथळ घड्या असलेली. एवढ्याशा फुप्फुसाने त्याचे भागते, कारण तो आपल्या ओल्या कातडीनेही श्वास घेतो. चिखलात दडून तो उन्हाळा काढतो तो मुख्यत्वे या कातडीच्या बळावर. आपले हृदय चार कप्प्यांचे, दोन अलिंदे आणि दोन निलये असलेले. शुद्ध आणि अशुद्ध रक्त त्यात वेगळे राहते. बेडकाच्या हृदयात अलिंदे दोन असली तरी निलय एकच, त्यामुळे दोन्ही रक्ते काही प्रमाणात एकत्र येतात. त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी लांबट, आपल्या पेशींच्या जवळजवळ तिप्पट लांबीच्या आणि केंद्रक असलेल्या. आपल्या पेशी वाटोळ्या, दोहो बाजूंनी दबलेल्या आणि केंद्रक नसलेल्या.

म्हणजे बेडकाचे यंत्र आपल्यापेक्षा साधे, त्याचे पडदे पातळ आणि त्याच्या रक्ताचे कण मोठे. कमी प्रतीच्या भिंगातूनही त्यातील काही तरी दिसण्याची आशा होती. साधा प्राणी हा निसर्गाने स्वतःच घडविलेला सूक्ष्मदर्शक आहे, अशी मालपीगीची धारणा होती. जे गुंतागुंतीच्या देहात झाकलेले असते, ते साध्या देहात उघडे पडते. कामाचे तत्त्व मात्र दोन्हीकडे एकच असते.

त्याने जिवंत बेडकाचे फुप्फुस भिंगाखाली आणले. रक्त रोहिणीच्या बारीक बारीक फांद्यांत विभागत जाताना त्यास दिसले आणि दुसऱ्या बाजूने गोळा होताना दिसले. परंतु मध्ये ते मोकळ्या जागेत सांडते की नळीतूनच वाहते, हे ठरेना. मग त्याने फुप्फुस वाळविले आणि सूर्याच्या प्रकाशासमोर धरून पाहिले. रक्ताने रंगलेल्या अतिसूक्ष्म नळ्यांचे एक जाळे त्यास स्पष्ट दिसले. रोहिणीचे टोक त्या जाळ्यात शिरत होते आणि नीलेचे मूळ त्याच जाळ्यातून निघत होते. रक्त कोठेही सांडत नव्हते. ते आरंभापासून अखेरपर्यंत नळीतच होते. यांनाच आज आपण केशवाहिन्या म्हणतो. केसाची उपमा त्यांस दिली आहे खरी, परंतु त्यांची रुंदी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्याच आसपास, म्हणजे केसाहूनही पुष्कळच कमी असते. १६६१ मध्ये बोरेल्लीस उद्देशून लिहिलेल्या दोन पत्रांच्या रूपाने मालपीगीने हा शोध बोलोन्यास प्रसिद्ध केला. हरवलेली कडी सापडली. हार्वीला जाऊन चार वर्षे झाली होती.

या कामासाठी बेडकांचा केवढा संहार झाला, याची जाणीव मालपीगीस होती. होमरच्या नावावर असलेल्या, बेडूक आणि उंदीर यांच्या युद्धाच्या काव्यातही झाला नसेल एवढा नाश आपण केला, अशा अर्थाचे त्याने आपल्या पत्रात थट्टेने लिहून ठेवले आहे. थट्टा असली तरी तिच्यात एक कबुली आहे, असे आम्हांस वाटते.

१६६२ मध्ये बोरेल्लीच्या शिफारशीने तो सिसिली बेटावरील मेस्सीना येथे प्राध्यापक म्हणून गेला. तेथे चार वर्षे राहून १६६६ मध्ये बोलोन्यास परतला. या काळात त्याने जिभेवरील रुचीचे उंचवटे, त्वचेचे थर, मेंदू, प्लीहा आणि मूत्रपिंड यांची सूक्ष्म रचना शोधून काढली. आपल्या त्वचेच्या आतल्या थराला, प्लीहेतील पांढुरक्या कणांना आणि मूत्रपिंडातील सूक्ष्म गोलकांना त्याचे नाव मिळाले आहे. त्याच्या हातून चूकही झाली. १६६५ च्या सुमारास रक्तवाहिनीत त्यास तांबडे कण दिसले. त्याने ते चरबीचे कण मानले. त्या तांबड्या पेशी होत्या, हे त्यास कळले नाही. नवीन वस्तू डोळ्यांसमोर असूनही मन तिला जुन्याच नावाने ओळखते, याचे हे चांगले उदाहरण होय. विद्यार्थ्यांनी ते ध्यानात ठेवावे.

दूर लंडन येथील रॉयल सोसायटीने त्याची कीर्ती ऐकून १६६७ मध्ये त्याच्याशी पत्रव्यवहार सुरू केला. त्याने रेशमाच्या किड्याची अंतर्रचना तपासून प्रबंध पाठविला. तो सोसायटीने १६६९ मध्ये छापला आणि त्याच वर्षी त्यास आपला सदस्य करून घेतले. या किड्याला फुप्फुस नाही. अंगाच्या कडेच्या छिद्रांतून हवा बारीक नळ्यांवाटे सर्व देहात जाते, हे त्याने दाखविले. देहातील निरुपयोगी द्रव्ये काढून टाकणाऱ्या ज्या नलिका त्यास या किड्यात आढळल्या, त्याच आमच्या पाठ्यपुस्तकातील मालपीगी नलिका. या कामाच्या परिश्रमाने त्यास ताप आला आणि डोळे सुजले. पुढे अंड्यातील कोंबडीच्या पिलाची वाढ आणि वनस्पतींची रचना या विषयांवरील त्याचे ग्रंथही लंडनहूनच प्रसिद्ध झाले.

परदेशात असा मान मिळत असता घरच्या गावी मात्र त्याचा छळ चालूच होता. १६८४ मध्ये त्याच्या घराला आग लागली. सूक्ष्मदर्शक, उपकरणे आणि कित्येक वर्षांची टिपणे जळून गेली. तेव्हा त्याचे वय छप्पन वर्षांचे होते. त्याने काम सोडले नाही. १६८९ मध्ये जोव्हान्नी जिरोलामो स्बाराल्या याने नव्या पद्धतीच्या वैद्यांवर टीका करणारे लिखाण प्रसिद्ध केले. त्यात मालपीगीचे नाव घेतलेले नव्हते, परंतु रोख कोणावर होता हे बोलोन्यात सर्वांस कळले. त्याचा मुद्दा असा, की बेडकाचे फुप्फुस, किड्याची नळी आणि झाडाची साल पाहून रोग्याचा ज्वर उतरत नाही; वैद्याने रोग्याकडे पाहावे, हे सूक्ष्म कुतूहल निरुपयोगी आहे.

या टीकेमागे घराण्याचे वैर होते हे खरे. परंतु केवळ वैर म्हणून ती झटकून टाकता येत नाही. मालपीगीच्या हयातीत या ज्ञानाने रोगी बरे झाले, असे दाखविणे खरोखरच कठीण होते. त्या काळचा वैद्य केशवाहिन्या जाणीत असो वा नसो, उपचार मात्र तेच ते करीत असे. मालपीगी स्वतःही रोगी तपासणारा वैद्य होता आणि हा सवाल त्याच्या जिव्हारी लागला. त्याने सविस्तर उत्तर लिहिले. घड्याळ दुरुस्त करणाऱ्यास जशी चाकांची ओळख हवी, तशी वैद्यास देहाच्या अवयवांची सूक्ष्म ओळख हवी, आणि ती नसेल तर त्याचे औषध म्हणजे अंधारात मारलेला दगड होय, असा त्याच्या म्हणण्याचा एकंदर आशय आम्ही समजतो. हे लिखाण त्याच्या डोळ्यांदेखत प्रसिद्ध झाले नाही. १६९१ मध्ये पोप बारावे इनोसन्ट यांनी त्यास आपला खाजगी वैद्य म्हणून रोमला बोलाविले. त्याची प्रकृती खालावली होती आणि जाण्याची फारशी इच्छा नव्हती, तरी तो गेला. १६९४ मध्ये पत्नी फ्रांचेस्का वारली आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरअखेरीस रोम येथे झटका येऊन त्याचाही अंत झाला. त्याचे राहिलेले लिखाण १६९७ मध्ये लंडन येथे ग्रंथरूपाने बाहेर पडले.

स्बाराल्याच्या प्रश्नाचे खरे उत्तर काळाने दिले, आणि त्यास शतके लागली. आज मूत्राच्या तपासणीत प्रथिने आढळली, तर डॉक्टर मूत्रपिंडातील त्याच सूक्ष्म गोलकांविषयी शंका घेतात, जे मालपीगीने प्रथम पाहिले. मधुमेहाने डोळे आणि मूत्रपिंड का बिघडतात, याचे कारण त्या अवयवांतील बारीक रक्तवाहिन्यांत शोधतात. न्यूमोनियात रोग्याचा जीव का घाबरा होतो, हे वायुकोश आणि त्यांभोवतीचे केशवाहिन्यांचे जाळे ठाऊक असल्यावाचून सांगताच येणार नाही. आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी या व्याधींनी कोणी आजारी आहे, त्यांना बेडकाच्या फुप्फुसाचा उपयोग काय, हे निराळे सांगण्याची गरज नाही.

ज्ञानाचा उपयोग मागताना आपण बहुधा उद्याचा हिशेब मागतो. मालपीगीच्या आयुष्याकडे पाहता, असा हिशेब मागणाऱ्याचे त्या दिवसापुरते बरोबर असते आणि दूरच्या दृष्टीने तो चुकलेला असतो. म्हणून विद्यार्थ्यांनी एखाद्या विषयाचा परीक्षेत किंवा नोकरीत काय उपयोग, एवढ्याच प्रश्नाने त्याचे मोल ठरवू नये. त्याचप्रमाणे आपल्याहून क्षुद्र वाटणाऱ्या जिवाकडे पाहून आपल्याविषयी काही शिकता येणार नाही, असेही समजू नये.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून हा लेख पुरा करणे आम्हांस योग्य वाटत नाही. मालपीगीनंतरही बेडूक शतकानुशतके प्रयोगशाळांत मरत राहिला आणि पुढे ताटांतही गेला. भारताने बेडकांच्या तंगड्यांची निर्यात १९८७ मध्ये बंद केली आणि पावसाळ्यात आमच्या शेतांत दिसणाऱ्या मोठ्या रानबेडकास वन्यजीवांच्या कायद्याचे संरक्षण आहे. तरीही पहिल्या पावसाच्या रात्री विजेरी आणि पोती घेऊन निघणारे लोक अधूनमधून दिसतातच. शेतातील किडे खाऊन पिकाचे रक्षण करणाऱ्या या प्राण्याचे आपल्यावर पूर्वीपासूनच ऋण आहे. ज्या वाटेने आपल्या देहातील रक्त या क्षणीही फिरते आहे, ती वाट त्याने आपला प्राण देऊन दाखविली, हे लक्षात घेतले तर ते ऋण दुप्पट होते. यंदाच्या पावसात बांधावर बेबो दिसला, तर मुलांनी त्याला दगड मारू नये आणि कोणी मारीत असेल तर त्यास मालपीगीची ही गोष्ट सांगावी, एवढीच आमची विनंती आहे.